आटणीतून वाचलेले रुपये

१९११ साली पंचम जॉर्जच्या नावाचा पहिला रुपया मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींतून बाहेर पडला. बादशहाच्या अंगावर राजवस्त्र, गळ्यात मानाची माळ आणि वस्त्राच्या नक्षीत एक चिमुकला हत्ती. त्या हत्तीची सोंड ठशात इतकी आखूड उतरली होती की बघणाऱ्याला तो डुक्कर वाटावा. बादशहाच्या छातीवर डुक्कर आहे, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. मुसलमान समाजात क्षोभ झाला आणि सरकारने ते रुपये आवरते घेतले. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते. त्यांतले ७ लाखांच्या आसपास लोकांत गेले, बाकीचे पुन्हा मुशीत पडले. १९१२च्या ठशात हत्ती हत्तीसारखा दिसतो.

आता सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया बघा. त्याच्यामागे कसलीच गोष्ट नाही. मुंबईच्या टांकसाळीत नेहमीच्याच चांदीत तो पाडला गेला. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोक चांदी दडवू लागले आणि १९४०पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. जुन्या कसाचा हा शेवटचा रुपया लोकांच्या हातात फारसा उरलाच नाही. आज संग्राहकांच्या बाजारात १९११चा रुपया थोडे पैसे मोजले की मिळतो, १९३९च्या अस्सल रुपयासाठी मात्र त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. कारण साधं आहे. १९११चा रुपया ज्याच्या हाती आला, त्याने तो नवल म्हणून बाजूला ठेवला. १९३९चा जपून ठेवावा, असं त्या वेळी कुणाला वाटण्याचं काहीच कारण नव्हतं.

जुन्या चांदीच्या नाण्याची किंमत कशावर ठरते, या प्रश्नाचं माझ्या मते सगळ्यात जवळचं उत्तर या दोन रुपयांत आहे. नाणं किती जुनं, त्यात चांदी किती, टांकसाळीने किती पाडली, हे सगळं विचारायचंच. पण त्याच्या आधी विचारायचं ते हे : उरली किती, आणि कोणत्या अवस्थेत उरली?

दिवाळीच्या आसपास हा विषय घरोघरी निघतो. लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातले, कपाटाच्या तळातले राणीछाप रुपये बाहेर येतात आणि कुणीतरी विचारतं, याचे आज किती येतील? चांदीचा हिशेब सोपा आहे. १८३५च्या कायद्याने कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे एका रुपयात जवळजवळ १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. किलोचा भाव एक लाख धरला तर झिजलेला नसेल त्या रुपयात हजाराच्या थोडी वर चांदी झाली. सराफ घट धरून त्याहून काही कमी देईल. ही झाली तळाची पायरी, आणि घरातले बहुसंख्य राणीछाप आणि राजाछाप रुपये याच पायरीच्या आसपास असतात. ऐकायला हे निराशाजनक वाटेल, पण कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला, रुपया हे फार मोठ्या संख्येने पाडलेलं नाणं आहे. १९१८ साली मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींनी प्रत्येकी वीस कोटींहून अधिक रुपये पाडले, पुढच्या वर्षीही तितकेच. असा रुपया शंभर वर्षांचा झाला म्हणून दुर्मीळ होत नाही.

त्या दोन वर्षांची कथा सांगायलाच हवी. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ब्रिटनला प्रचंड माल जात होता आणि त्याचे पैसे इथे रुपयांत चुकवावे लागत होते. लोकांना कागद नको, चांदी हवी. टांकसाळींना चांदी पुरेना. १९१७च्या नोव्हेंबरात सरकारने पहिल्यांदा एक रुपयाची नोट काढली आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्या नोटेवर चांदीच्या रुपयाचंच चित्र छापलं. तेवढ्याने भागलं नाही. मग ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरले. एप्रिल १९१८मध्ये तिथे पिटमन कायदा झाला आणि त्या कायद्याखाली अमेरिकी तिजोरीतले २७ कोटी चांदीचे डॉलर आटवले गेले. त्यांतल्या जवळजवळ २६ कोटींची चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी ब्रिटनला विकली गेली. आपल्या पणजोबांच्या कनवटीचा १९१८चा रुपया कदाचित आदल्या जन्मी डॉलर होता.

अमेरिकेतल्या संग्राहकांना या आटणीचा हिशेब अजून लागलेला नाही, कारण कोणत्या सालाचे किती डॉलर मुशीत गेले, याची नोंदच ठेवली गेली नव्हती. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीने १९०३मध्ये ४४ लाखांवर डॉलर पाडले होते, पण बाजारात त्या सालाचा डॉलर दिसत नसे. सगळे आटले असणार असा समज झाला आणि तो त्या नमुन्याच्या डॉलरांतला महागड्यातला महागडा झाला. १९६२च्या अखेरीस सरकारी तळघरातल्या सीलबंद थैल्या उघडल्या आणि त्यातून हाच डॉलर कोरा करकरीत बाहेर पडू लागला. किंमत कोसळली. नाणं तेच, चांदी तीच. बदलला तो फक्त 'उरली किती' याचा अंदाज.

आपल्याकडचं याच जातीचं उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं. १९०६ साली तिथे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक लिपी, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरं. त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता : तीन कमानींचा डोंगर, उज्जैन चिन्ह आणि स्वतःचं नाव. हरलेल्या राजाची नाणी जिंकणाऱ्याने आटवली नाहीत, त्यांच्यावरच आपली मुद्रा उठवली. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचं हे नाणं इतक्या मोठ्या संख्येने सापडल्यामुळे आजही ते जमवणं सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेलेलं नाही. पण त्यातही पायऱ्या आहेत. ज्या नाण्यावर सातकर्णीच्या डोंगराखालून नहपानाचं नाक आणि ओठ अजून ओळखू येतात, एकाच चांदीवर दोन्ही राजे वाचता येतात, त्याला जास्त मोल. दुसऱ्या ठशाने पहिला पुरता पुसून टाकला असेल आणि तोही धड उमटला नसेल, तर ते मागे पडतं.

वाचता येणं हा निकष हाताने पाडलेल्या सगळ्याच भारतीय नाण्यांना लागू आहे. यंत्र येण्याआधी कारागीर चांदीची गोल चकती खालच्या ठशावर ठेवून वरून दुसरा ठसा धरत आणि हातोडा मारत. मोगल काळात ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे ठशावरचा पूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा मावत नसे. कुठे बादशहाचं नाव यायचं तर टांकसाळीचं निसटायचं, कुठे हिजरी सन अर्धा कापला जायचा. शेरशहाने सोळाव्या शतकात घालून दिलेल्या वजनावर पुढे तीनशे वर्षं रुपये पडत राहिले. त्यांतल्या सुरतेच्या टांकसाळीचे रुपये ढिगांनी मिळतात. पण त्याच सुरतेच्या रुपयावर नूरजहानचं नाव स्पष्ट आलं असेल, तर संग्राहक उठून उभा राहतो. दरबारी नजराण्यासाठी मुद्दाम मोठ्या, पातळ चकतीवर पाडलेले रुपये असत. त्यांवर ठसा कडेपर्यंत पूर्ण उमटतो, म्हणून नजराणा रुपयांची बोली नेहमीच्या रुपयांपासून फार लांब सुरू होते.

मराठेशाहीच्या रुपयांशी आपली पहिली भेट बहुधा अपेक्षाभंगाची असते. पेशवाईतला रुपया म्हणून कुणी हातात देतं आणि त्यावर फारसी अक्षरं असतात, तीही दिल्लीच्या शाह आलमच्या नावाची. नाण्याची पत बाजारात बादशाही नावावर चालत होती, म्हणून पेशव्यांनी ते नाव राहू दिलं आणि आपली खूण बारीक कोरली. पुण्याच्या रुपयावर अंकुश, म्हणून तो अंकुशी. कुठे जरीपटका. अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान. चांदवडी, मल्हारशाही ही नावं जुन्या दफ्तरांतून आणि जमाखर्चांतून आपल्याला भेटतात, कारण त्या काळी नुसतं 'रुपये शंभर' लिहून भागत नसे. कोणता रुपया, ते लिहावं लागे. प्रत्येकाचा कस वेगळा आणि बदलताना बट्टा वेगळा. आज अंकुशी रुपया घेताना जाणकार आधी अंकुश पूर्ण आहे का ते पाहतो, मग 'मुहियाबाद पुणे' ही अक्षरं चकतीवर उतरली आहेत का आणि सन वाचता येतो का. पुण्याला औरंगजेबाच्या काळात मुहियाबाद म्हणत आणि टांकसाळीने ते नाव चालू ठेवलं. तिन्ही गोष्टी एका रुपयावर आल्या असतील, तर तो शेजारच्या निम्म्या कोऱ्या रुपयापेक्षा कितीतरी महाग, वजन दोघांचं एकच असलं तरी.

अशा जुन्या रुपयांच्या कडेला किंवा पाठीवर बारीक टोच्या मारलेल्या असतात. चांदी आतपर्यंत खरी आहे का, हे सराफ असं पाहत. संग्राहक या सराफी खुणांना दोष मानतो आणि किंमत कमी करतो. मला स्वतःला त्या आवडतात. कुणा पेढीवाल्याने तो रुपया वाजवून, टोचून, खात्री करून पुढे जाऊ दिला, याची ती साक्ष आहे. पण बाजार माझ्या आवडीवर चालत नाही.

कलदार रुपयांत वाचायचं ते वेगळंच. अक्षरं सगळीच आलेली असतात, त्यामुळे नजर बारकाव्यांवर जाते. व्हिक्टोरियाचा १८६२चा रुपया हे याचं उत्तम उदाहरण. त्यानंतर बारा वर्षं टांकसाळींनी नाण्यावरचं साल बदललंच नाही. १८७४पर्यंत १८६२च चालू राहिलं. मुंबईच्या टांकसाळीने मात्र मागच्या बाजूच्या नक्षीत बारीक ठिपके घालून खरं वर्ष नोंदवलं. उघड्या डोळ्यांना सहज न दिसणारे हे ठिपके. भिंग लावून ते मोजणारे संग्राहक आहेत, ठिपक्यांच्या संख्येवर आणि जागेवर किंमत ठरते, आणि एखादा नेमका मेळ सापडला तर चांदीच्या भावात घेतलेला रुपया एकदम निराळ्या रांगेत जाऊन बसतो. फ्रेड प्रिडमोर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांची जी सूची केली, तिच्यामुळे असे भेद लोकांना कळले. सूची निघाली की दुर्मीळपणाला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की मागणी तयार होते.

तरीही एकाच सालाच्या, एकाच ठशाच्या दोन रुपयांत दहापट फरक कसा पडतो? इथे आपण नाण्याच्या कातडीपाशी येतो आणि मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं ते इथेच आहे.

टांकसाळीत ठसा जोराने आदळतो, तेव्हा चांदी ठशाच्या खोलगट भागांत वाहत जाते. त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या पृष्ठभागावर मध्यापासून कडेकडे पसरलेल्या राहतात. नाणं दिव्याखाली हळूच फिरवलं की त्यांच्यावरून उजेडाचा पट्टा गोल फिरतो. याला संग्राहक लस्टर म्हणतात. वापरात आधी ही चमक जाते, मग उंच भाग झिजतात : राणीच्या कानावरचे केस, गालाचा उंचवटा, मुकुटाच्या कडा. चमक पूर्ण शाबूत असलेला रुपया आणि किंचित वापरलेला रुपया यांच्या किमतीत जी दरी असते, ती नवख्याला अन्याय वाटते. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. आज इतर नाण्यांनाही तीच लावतात. अमेरिकेतल्या प्रतवारी संस्था नाणं तपासून प्लास्टिकच्या बंद पेटीत घालतात आणि वर आकडा लिहितात. हल्ली भारतीय रुपयेही अशा पेटीत लिलावाला येतात. ६२ आणि ६५ यांतला फरक साध्या डोळ्याला कळत नाही, पण बोली लावणाऱ्याला तो कळावा लागतो.

ही चमक घासून परत येत नाही. घासलं की ती कायमची जाते. आणि आपण दर वर्षी काय करतो? लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी रुपये चिंचेत, रांगोळीत, राखेत, पितांबरीत, टूथपेस्टमध्ये चोळतो. देवापुढे ठेवायचं ते लखलखीत असावं, ही भावना निर्मळ आहे आणि तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण ज्या नाण्याला चांदीच्या भावापलीकडे किंमत येऊ शकत होती, ते या एका चोळण्याने कायमचं तळाच्या पायरीवर उतरतं. प्रदर्शनात विक्रेता नाणं तिरपं धरतो, एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे पाहतो आणि 'धुतलंय' म्हणून परत देतो. काळी पडलेली चांदी खराब झालेली नसते. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन वर एक अतिशय पातळ थर बसतो. तो पातळ असतो तेव्हा पिवळसर, मग जांभळट, निळा दिसतो; जाड झाला की काळा. कागदाच्या पुडीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रुपयावर हे रंग असे काही उतरतात की त्यासाठी वेगळे पैसे मोजणारे लोक आहेत. सराफाच्या दुकानातला चमक आणणारा द्रावही तोच थर आणि त्याच्यासोबत खालची थोडी चांदी घेऊन जातो.

दुसरा आघात दागिन्यांचा. आजीच्या गळ्यातल्या माळेला, कंबरपट्ट्याला, बैलाच्या गोंड्याला रुपये कडी झाळून लावलेले असत. कडी काढली तरी झाळेचा डाग आणि कडेचा खड्डा राहतो. अशा रुपयाला संग्राहक चांदीच्या भावाने मोजतो. माझ्या दृष्टीने त्याची किंमत त्या माळेतच आहे. माळ मोडून तो सुटा करण्यात काही हशील नाही.

नाणं दुर्मीळ आहे, सुंदर आहे, पण हवं कुणाला? हाही प्रश्न आहेच. मागणी बऱ्याच अंशी अभिमानाच्या मागे जाते. अंकुशी रुपयाची मागणी मुख्यतः महाराष्ट्रात, नानकशाही रुपयाची पंजाबात आणि पंजाब्यांच्या परदेशातल्या वस्त्यांत. ज्या समाजाच्या हाती पैसा आला, त्याच्या इतिहासाची नाणी वर गेली. त्याउलट मौर्यकाळाच्या आसपासची चांदीची आहत नाणी, बावीस-तेवीसशे वर्षांची, सूर्य, डोंगर, झाड अशी चिन्हं ठोकलेली, अनेकदा एखाद्या चांगल्या कलदार रुपयापेक्षा स्वस्त मिळतात. साठ्यांत ती हजारोंनी सापडली आणि त्यांवर कुणा राजाचं नाव नाही, ज्यावर एखाद्या प्रांताने हक्क सांगावा. भारतातल्या सर्वांत जुन्या जातीचं नाणं इतक्या सहज घरी आणता येतं, ही गोष्ट मला अजून विलक्षण वाटते. वर्षांवर किंमत ठरत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही.

खोट्यांचा उपद्रव मागणीच्या पाठोपाठ येतोच. १९३८च्या रुपयावरचा शेवटचा ८ कोरून ९ केलेले रुपये फिरतात. पूर्ण नवे ठोकलेलेही. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या फोर्टातल्या पदपथावर राणीछाप म्हणून पांढऱ्या धातूचे तुकडे विकले जातात. वजन ११.६६ ग्रॅम भरतं का, व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास आहे का, कडेला ओतकामाचा जोड दिसतो का, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे आहेत का, हे घरीही पाहता येतं. शिवाय आपला जुना कान : अस्सल चांदी फरशीवर खणखणते आणि तो नाद रेंगाळतो. (दुर्मीळ नाणं मात्र फरशीवर टाकू नये, बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी द्यावी.) रामदरबार किंवा हनुमान आणि 'ईस्ट इंडिया कंपनी' असं कोरलेली जी नाणी लाखोंची म्हणून दाखवतात, ती कंपनीने कधी पाडलेलीच नाहीत. जुन्या नाण्याला कोट्यवधी देणाऱ्या जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून 'शुल्क' उकळलं जाऊ लागलं, तेव्हा ऑगस्ट २०२१मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. सराफाकडे मिळणारं लक्ष्मी-गणपतीचं ९९९ शिक्क्याचं नाणं खोटं नाही, पण ते चलन कधीच नव्हतं. ते हवं तितकं पाडता येतं, म्हणून विकताना फक्त चांदी मोजली जाते.

चांदीचा भाव चढला की मला काळजी वाटते. सामान्य, झिजलेला रुपया आणि त्यातली चांदी यांतलं अंतर अशा वेळी मिटतं आणि पेढ्यांवरून थैल्याच्या थैल्या मुशीकडे जातात. त्या थैल्यांत कुणी ठिपके मोजत नाही. सरकारी आटणी नसली तरी १९१८चीच गोष्ट लहान प्रमाणात पुन्हा घडते, आणि या वेळीही काय गेलं, याची नोंद राहत नाही.

जोगळटेंभीच्या साठ्याची नोंद राहिली. रेव्हरंड स्कॉट यांनी तो एकत्र पाहिला, मोजला आणि छापून प्रसिद्ध केला, म्हणून १३,२५० आणि ९,२७० हे आकडे आपल्याला माहीत आहेत आणि म्हणून गौतमीपुत्राचा विजय केवढा मोठा होता, हे नाणी सांगू शकतात. तोच साठा मूठमूठभर विकला गेला असता, तर प्रत्येक नाणं सुटं आणि मुकं राहिलं असतं. जमिनीत पुरलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन १८७८च्या कायद्याने घातलं आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. पण नांगराच्या फाळाला लागलेलं मडकं अनेकदा कार्यालयाऐवजी सोनाराकडे जातं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिच्या संग्रहालयात जाऊन एकदा पाहावं : नाण्याबरोबर ते कुठून आलं हे लिहिलेलं असलं की त्याच्याशी बोलता येतं.

हेच लहान प्रमाणात घरच्या रुपयांनाही लागू पडतं. लिलावाच्या सूचीत आता नाण्याच्या वर्णनाखाली ते आधी कुणाच्या संग्रहात होतं, कुठल्या साठ्यातलं होतं, याची ओळ असते आणि तशी ओळ असलेल्या नाण्याला बोली चढी मिळते. आपल्या घरच्या रुपयाची अशी ओळ लिहिणं फक्त आपल्यालाच शक्य आहे. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात, त्यांतून सुटणारी रसायनं चांदीवर हिरवट चिकट डाग पाडतात. आम्लविरहित कागदाचं लहान पाकीट घ्यावं. रुपया कडेने धरून त्यात सरकवावा. पाकिटावर पेन्सिलने लिहावं : साल, टांकसाळ, वजन, कुणाकडून आला, ती व्यक्ती कुठल्या गावची, आणि तो माळेतला की पेटीतला की शेतातल्या मडक्यातला.